धातूची लेबलं लावून १४ महिने झाले, काय टिकलं काय नाही

झाडांना धातूची लेबलं लावून १४ महिने झाले, म्हणजे एक अख्खा पावसाळा आणि दोन उन्हाळे सगळ्या पट्ट्यांनी उघड्यावर काढलेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आधी माझ्याकडे पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, परमनंट मार्करने लिहिलेल्या. शाई पाचसहा महिन्यांत उन्हाने उडाली आणि पट्ट्या इतक्या ठिसूळ झाल्या की नुसतं बोट लागलं तरी कटकन तुटायच्या. सगळ्यात जास्त जीवाला लागलं ते लिलीच्या कंदाचं. पानं वाळली की कुंडी रिकामीच दिसते ना, पट्टी तुटून कुठे गेली होती कोण जाणे, मी दुसरं रोप लावायला खुरपं घातलं आणि आतला कंद मधोमध कापला गेला. तो ओला पांढरा तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसून होते. त्या दिवशी ठरवलं, नाव टिकलंच पाहिजे.

मग तीन प्रकार घेतले, जस्ताच्या खोचायच्या पट्ट्या, पातळ अॅल्युमिनियमची तारेने बांधायची आणि थोडी तांब्याची. घेताना वाटत होतं धातू कुठला चांगला हा प्रश्न आहे. तसं नाहीये. धातू तिन्ही टिकतात, जातं ते वरचं अक्षर, नाहीतर बांधलेली तार. त्यामुळे घेताना लिहायचं कशाने आणि बांधायचं कशाने ते आधी बघा.

जस्त मला सगळ्यात आवडलं, आणि त्यावर साधी पेन्सिल! पहिल्यांदा लिहिलं तेव्हा विश्वासच बसेना, कारण नवी पट्टी चकचकीत असते, पेन्सिल नीट उठत नाही, तिरकी धरली तरच अक्षर दिसतं. माझ्या पहिल्या चार पट्ट्या तर फुकट गेल्या कारण नव्या पत्र्यावर तेलकट थर असतो तो मी धुतलाच नव्हता. साबणाने धुवून, कोरड्या करून परत लिहिलं. हळूहळू हवा आणि ओल लागून जस्तावर राखाडी थर धरतो, पट्टी मळकट दिसायला लागते, आणि नेमकं तेव्हाच अक्षर गडद होतं. परवा गुलाबाच्या पट्टीवरचा वाळलेला चिखल अंगठ्याने खसाखसा पुसला, खाली नाव जसंच्या तसं. पुसायचंच असेल तर बारीक पॉलिश पेपर मारा, पट्टी परत वापरता येते. एकच त्रास, पाय पातळ असतात, कडक मातीत जोर लावला की वाकतात, म्हणून आधी काडीने भोक पाडून घ्यायचं.

अॅल्युमिनियमचं गणित वेगळं आहे. पट्टी जाड मासिकावर ठेवायची आणि बॉलपेनने दाबून लिहायचं. शाई धुऊन जाते, जाऊ दे, पत्र्यात उमटलेला खोल ठसा राहतो. उन्हात चमकल्यामुळे वाचता आलं नाही तर बोट फिरवून अक्षर लागतं. (विमानांच्या कामात अॅल्युमिनियमवर पेन्सिलने खुणा करू देत नाहीत, कारण ग्राफाइट आणि ओल एकत्र आली की तिथे धातू खाल्ला जातो. लेबलवर पेन्सिलने लिहिलं तर मात्र तेच आपल्या कामाचं.) कडा धारदार असतात, माझं बोट दोनदा कापलंय, त्यामुळे कोपरे कात्रीने गोल करा, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

तांबं दिसायला फार सुंदर, पण तपकिरी पडलं की उथळ अक्षर त्यात बुडून जातं, म्हणून दाबूनच लिहावं लागतं. आणि तांब्याची पट्टी लोखंडी तारेने बांधू नका. दोन धातू चिकटून ओले राहिले की लोखंड लवकर गंजतं. माझ्या दोन पट्ट्या शाबूत होत्या पण तार तुटून खाली पडलेल्या, मग कुठली कुठल्या झाडाची?

तारेबद्दल अजून एक, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. मी चाफ्याच्या फांदीला तार घट्ट पिळून बांधली होती. आठ महिन्यांनी बघते तर फांदी दोन्ही बाजूंनी फुगलेली आणि तार सालीत रुतलेली. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली जातं, तो थर आवळला की फांदी हळूहळू मरते. वेळेत तार कापली म्हणून फांदी वाचली. आता मोठा सैल फास, तोही बाजूच्या फांदीला, आणि दर तीन महिन्यांनी बघायचं. बोटॅनिकल गार्डनमधे मोठ्या खोडांवर लेबलाच्या खिळ्याला स्प्रिंग दिसते ती याचसाठी, खोड जाड होत गेलं तरी पट्टीला मागे सरकायला जागा मिळते.

लिहायचं काय? मी आधी फक्त "जास्वंद पिवळी" लिहायचे, आता तीन पिवळ्या झाल्यात. म्हणून जातीचं पूर्ण नाव, लावल्याचा महिना आणि एक नंबर, आणि तोच नंबर वहीत. दोन शब्दांची शास्त्रीय नावं लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ च्या ग्रंथात तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या वनस्पतींना लावली, पण हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस एवढंच लिहून माझी कुठली जास्वंद ते कळत नाही, पुढे वाणाचं नाव हवंच. बाहेरच्या पट्टीवर भरवसा नसेल तर कुंडीत मातीखाली दुसरी पट्टी पुरून ठेवा, पक्ष्यांनी पट्ट्या ओढून टाकलेल्या तीन कुंड्यांची ओळख मला तशीच परत मिळाली.

एका अडेनियमचं नाव मात्र जुन्या पट्टीबरोबर कायमचं गेलं. त्याला सध्या नुसता १७ नंबर दिलाय, वरची जागा रिकामी आहे. यंदा पहिल्यांदा कळ्या आल्यात, फूल उमललं की वहीतल्या जुन्या फोटोंशी ताडून बघणार आहे.