कंपासपेटीतील गुण्यांची जोडी: कोन चोख, मोजमापाच्या खुणा सदोष

पारदर्शक प्लास्टिकच्या या दोन गुण्यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण बहुतेक विद्यार्थी त्यांचा उपयोग लंब किंवा समांतर रेषा काढण्यापुरताच करतात आणि त्रिकोणमितीय गुणोत्तरे समजून घेण्याचे इतके सोपे साधन पेटीत तसेच पडून राहते. एका गुण्याचे कोन 45, 45 आणि 90 अंशांचे, तर दुसऱ्याचे 30, 60 आणि 90 अंशांचे आहेत.

दुसऱ्या गुण्याच्या बाहेरच्या कडा वेगळ्या पट्टीने मोजल्या, तेव्हा कर्ण 16 सेंमी, 30 अंशांच्या कोनासमोरची बाजू 8 सेंमी आणि 60 अंशांसमोरची 13.9 सेंमी भरली. मधल्या त्रिकोणी पोकळीच्या बाजू याच क्रमाने 6.4, 3.2 आणि 5.5 सेंमी आहेत. आतला त्रिकोण अडीच पटींनी लहान असूनही 30 अंशांच्या साइनचे (कोनासमोरची बाजू भागिले कर्ण) मूल्य दोन्हीकडे निम्मेच येते आणि 60 अंशांचे मूल्य अपेक्षित 0.866 च्या अगदी जवळ राहते. गुणोत्तर त्रिकोणाच्या आकारमानावर नव्हे, तर कोनावर अवलंबून असते, हे इतक्या थेटपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

काटकोनाची परीक्षाही घेतली. एका रेषेवर लंब काढून, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढला, तर कोनातील दोष दुप्पट होऊन दिसतो. अर्ध्या अंशाची चूक असती, तरी 10 सेंमी उंचीवर दोन रेषांत जवळजवळ पावणेदोन मिलिमीटरची फट पडली असती. येथे दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या.

माझी खरी तक्रार मोजमापाच्या खुणांविषयी आहे. शून्याची खूण काटकोनाच्या टोकावर नसून 5 मिलिमीटर आत आहे. त्यामुळे टोकापासून मोजणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच बाजू 7.5 आणि 13.4 सेंमी वाटतात, 60 अंशांच्या टॅनचे (कोनासमोरची बाजू भागिले काटकोनाची दुसरी बाजू) मूल्य 1.732 ऐवजी सुमारे 1.79 येते आणि 60 अंशांचा कोन 60.8 अंशांचा ठरतो. नवशिक्याचा गुणोत्तरांवरचा विश्वासच यामुळे डळमळू शकतो, म्हणून उत्पादकाने ही त्रुटी दूर करायलाच हवी. तोपर्यंत बाजू साध्या पट्टीनेच मोजाव्यात. आकडे कोरलेले नसून छापलेले असल्याने कडेजवळ पुसटही होतात.

दोन्ही गुण्ये एकमेकांना लावून 75 आणि 15 अंशांचे कोनही मिळतात. 15 अंशांचा टॅन 2 वजा √3, म्हणजे सुमारे 0.268 असतो, 10 सेंमी पायावर त्रिकोण काढल्यास उंची साधारण 2.7 सेंमी भरते. मात्र या जोडीने 15 च्या पटीतीलच कोन काढता येतात. बाजू 3, 4 आणि 5 असलेल्या त्रिकोणातील सुमारे 36.87 अंशांचा कोन हवा असेल, तर गुण्याने फक्त काटकोन काढावा आणि उरलेले काम पट्टीवर सोपवावे.