तापोळ्याची बोट : पॉइंट राहू द्या, गावाला उतरा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तापोळ्याला जाऊन आलो, आई-बाबा, बायको आणि दोन पोरं असा सगळा लवाजमा. महाबळेश्वरला आलेले बरेच जण पंचवीसेक किलोमीटर घाट उतरून इथे कोयना धरणाच्या जलाशयाकाठी येतात, अर्ध्या तासाची स्पीडबोट मारतात, फोटो काढतात आणि परत. प्लीज असं करू नका, पूर्ण दिवस द्या.

बोटीचा रेट माणशी नसतो, अख्ख्या बोटीचा असतो आणि कुठे जायचं त्यावर ठरतो. आम्ही खिडकीवरच सांगितलं की वेग नको, साधी लाँच द्या, बामणोली गावापर्यंत जायचंय आणि वाटेत एका गावाला उतरून दोन तास बसायचंय, थांबायचे पैसे वेगळे घ्या. ते आधीच बोलून घ्या, नाहीतर पाण्यात गेल्यावर घासाघीस होते आणि मूड जातो.

आता उन्हाळ्याचं. कोयना धरण १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट), पावसाळ्यानंतर त्याचा जलाशय, शिवसागर, काठोकाठ असतो, पण मेपर्यंत पाणी बरंच उतरतं कारण त्यातलं बहुतेक बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीच्या बाजूला वीज करायला जातं. त्यामुळे धक्क्यावरून थेट बोटीत बसता येत नाही, उघड्या पडलेल्या मातीतून खाली चालत जावं लागतं आणि शेवटची दहा पावलं गाळच. आईचे गुडघे दुखतात, मला टेन्शन आलं होतं, पण लाँचवाल्या मामांनी फळी टाकली, हात दिला आणि "आज्जी, माझ्या हातावर भार द्या, फळीकडं बघू नका" म्हणत अलगद आत घेतलं. तिने ते घरी आल्यावर चार जणांना सांगितलंय.

पाण्यात गेल्यावर दोन्ही बाजूंना वर हिरवं जंगल, खाली पाणी आणि मधे लाल मातीचा रुंद पट्टा दिसतो. काही जणांना हे भकास वाटेल. मला उलट हेच बघायला मेमध्येच जावं असं वाटतं, कारण त्या पट्ट्यात जुन्या बांधांच्या रेषा आणि घरांचे चौथरे उघडे पडलेले दिसतात. १९६० च्या दशकात धरण भरलं तेव्हा गावं वर सरकली, कितीतरी माणसं लांबच्या जिल्ह्यांत पुनर्वसनाला गेली. मामांनी एका ठिकाणी इंजिन बारीक केलं आणि त्या उघड्या पट्ट्याकडे हात करून म्हणाले, "हितं खाली आमच्या आज्याचं खळं हाय." पोरं एकदम गप्प झाली. मी पण.

ज्या गावाला उतरलो तिथे वीस-पंचवीस घरं असतील, अर्ध्यांना कुलूप, माणसं मुंबईला. पण मे महिना, त्यामुळे चाकरमानी आलेले, अंगणात फणस, पत्र्यावर आमसुलं वाळत घातलेली. जेवण सकाळीच फोनवर सांगून ठेवलं होतं, नाचणीची भाकरी, झुणका, तलावातल्या माशाचं कालवण आणि कैरीचा ठेचा. एका आजींनी पोरांच्या ओंजळीत करवंदं ओतली, बोटं दिवसभर चिकट. आमच्यासमोर दुसरी लाँच लागली, त्यातून गॅसचा सिलिंडर, सिमेंटची दोन पोती आणि बाळाला घेऊन माहेरी आलेली एक मुलगी उतरली. आपली सहल असते, त्यांची ती एसटी आहे.

तक्रार एकच आणि ती गंभीर आहे. परतताना थोड्या अंतरासाठी दुसऱ्या बोटीत बसलो, तिथल्या लाइफ जॅकेटांपैकी दोन जॅकेटांचे बक्कल तुटलेले होते आणि लहान मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. बदलून मागितलं तर "काय होत नाय साहेब". आम्ही उतरलो आणि दुसरी बोट घेतली. एवढ्या खोल पाण्यात हे चालणार नाही, तुम्हीही बसण्याआधी प्रत्येक बक्कल लावून बघा.

सकाळी आठ-साडेआठला निघा, दुपारी ऊन फार लागतं आणि वळीव आला तर लाटा उठतात. टोपी, पाणी, कॅश न्या, रेंजचा भरवसा नाही. वासोटा किल्ला करायचा असेल तर मे नको, थंडीत या, बामणोलीतून वनखात्याची परवानगी घेऊन. आम्ही डिसेंबरमध्ये परत जातोय, त्याच मामांच्या लाँचने, तेव्हा ते खळं पाण्याखाली असेल.