डेव्हलपर पावडरवर चालणारी झेरॉक्स मशीन: वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे कॉपीचं काम रोजचं आणि भरपूर. आधी कार्ट्रिजवाली छोटी मशीन होती. टोनर संपला की अख्खं कार्ट्रिज बदलायचं, आत काय चाललंय याच्याशी आपलं देणंघेणं नाही. काम वाढलं तशी मोठी रिकंडिशन्ड डिजिटल मशीन घेतली. हिच्यात टोनरची बाटली वेगळी, ड्रम (ज्यावर आधी प्रतिमा तयार होते तो सिलिंडर) वेगळा आणि डेव्हलपर पावडर वेगळी. आता बरेच महिने झाले, दमट हवेतही चालवून झाली आणि कोरड्या हवेतही. स्पीड, ट्रे, स्कॅनर यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्या बाबतीत माझी फारशी तक्रारही नाही. मला लिहायचंय ते डेव्हलपर युनिटबद्दल. कॉपी काळीभोर येणार की राखाडी, हे तिथे ठरतं. मशीन विकताना नेमका त्याबद्दलच कोणी चकार शब्द काढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीन मला आवडली आहे आणि ती मी ठेवणार आहे. पण कॉपी बिघडली की टोनरला शिव्या घालायची जी सवय आपल्या धंद्यात आहे, ती अशा मशीनला लागू पडत नाही. टोनर बिचारा बाटलीतून निघताना जवळपास विजेच्या चार्जशिवायच असतो. त्याला चार्ज देते ती डेव्हलपर पावडर, आणि ती म्हातारी झाली की महागातला महाग टोनरही राखाडीच छापतो.

डेव्हलपर म्हणजे दोन पावडरींचं मिश्रण. एक जाड, तिला कॅरिअर म्हणतात: लोखंडाचे किंवा फेराइटचे दाणे, वर रेझिनचं पातळ कोटिंग. दुसरा आपला टोनर: प्लॅस्टिक, काजळी, थोडं मेण आणि चार्ज सांभाळणारी रसायनं. सध्याच्या मशीनमध्ये कॅरिअरचा दाणा साधारण 35 ते 80 मायक्रॉनचा, टोनरचा 5 ते 9 मायक्रॉनचा. वजनाने पाहिलं तर शंभर भागांत टोनर साधारण 4 ते 8 भाग, बाकी सगळं कॅरिअर. युनिटमधले स्क्रू हे मिश्रण सतत घुसळत राहतात. घासाघासीत टोनर निगेटिव्ह होतो, कॅरिअर पॉझिटिव्ह, आणि एकेका जाड दाण्याभोवती बारीक टोनर चिकटून बसतो.

युनिट बाहेर काढून गिअर हाताने सावकाश फिरवून एकदा तरी बघा. मॅग्नेट रोलर म्हणतात खरं, पण फिरते ती फक्त बाहेरची अ‍ॅल्युमिनियमची नळी. आतले चुंबक जागच्या जागी असतात. नळीबरोबर पावडर पुढे सरकते आणि चुंबकाचा ध्रुव आला की मांजराच्या पाठीवरचे केस उभे राहावेत तशी ताठ उभी राहते. ध्रुव ओलांडला की पुन्हा आडवी. पावडर ड्रमपाशी पोचण्याआधी डॉक्टर ब्लेड नावाची पट्टी या थराची जाडी ठरवून देते. उभा राहिलेला हा ब्रश ड्रमवर घासून जातो आणि जाता जाता टोनर ड्रमवर सोडतो. थर सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. माझ्याकडे एकदा एका टोकाला बारीक रेघेएवढा थर गायब होता. डॉक्टर ब्लेडपाशी कागदाचा तंतू अडकून त्याला पावडर चिकटली होती. प्रत्येक कॉपीवर त्याच जागी उभी पांढरी रेघ यायची. मेकॅनिकने ड्रम बदलायला सांगितलं होतं. तंतू काढला, रेघ गेली, ड्रम अजून तोच आहे.

आता टोनर ड्रमवर नेमका अक्षरावरच का बसतो ते. ढोबळ आकडे सांगतो, मशीनगणिक थोडे बदलतात. ड्रमला सुमारे 600 ते 700 व्होल्ट निगेटिव्ह चार्ज देतात. लेसर जिथे पडतो तिथे तो उतरून 100 च्या आसपास येतो. मॅग्नेट रोलरच्या नळीवर मधलं व्होल्टेज ठेवतात, समजा 450 निगेटिव्ह. निगेटिव्ह टोनरला 450 वरून 100 कडे जायला वाट मोकळी, 650 कडे जायला मज्जाव. पांढरा भाग आणि नळी यांच्यातला हा दीडदोनशे व्होल्टचा फरक म्हणजे बॅकग्राउंड (कोऱ्या जागेवर येणारा राखाडीपणा) अडवणारी भिंत. तो कमी झाला की कागदावर राखाडी धूर येतो. वाढवला की वेगळीच पंचाईत: पॉझिटिव्ह कॅरिअरचे दाणेच ओढले जाऊन ड्रमवर चिकटतात. सर्व्हिस मोडमध्ये (मेकॅनिकसाठीच्या सेटिंगमध्ये) जाऊन बॅकग्राउंड मारण्यासाठी आकडे वाढवत सुटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जुन्या अ‍ॅनालॉग मशीनमध्ये मामला उलटा होता. तिथे मूळ कागदाच्या पांढऱ्या भागाचा प्रकाश ड्रमवर पडून चार्ज उतरायचा आणि अक्षराच्या जागी तो शिल्लक राहायचा. म्हणून टोनर ड्रमच्या उलट चार्जचा लागायचा. डिजिटलमध्ये लेसर सहसा अक्षरच लिहितो, म्हणून टोनर ड्रमच्याच चार्जचा लागतो. एकाची पावडर दुसऱ्यात चालत नाही ती यामुळे. पावडर काळी आहे एवढं साम्य पुरेसं नसतं.

छपाईच्या दर्जाबद्दल म्हणाल तर पूर्ण काळे भाग ही या मशीनची खरी कमाई. जाड शीर्षकं, नकाशातले भरीव पट्टे, फोटोतली सावली, सगळं कडेपासून कडेपर्यंत भरून येतं. हे वाटतं तितकं सोपं नाही. झेरॉक्स पद्धतीचा जनक चेस्टर कार्लसन याने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात पहिली कोरडी प्रतिमा काढली, तेव्हा गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासली, काचेवर लिहिलेली तारीख आणि जागेचं नाव दिव्याने तिच्यावर उमटवलं, वर लायकोपोडियमची (एका वनस्पतीच्या बीजाणूंची) पावडर टाकून जादाची फुंकून दिली. पुढे अमेरिकेतल्या बॅटेल संशोधन संस्थेत जी कॅस्केड पद्धत निघाली, तिच्यात टोनर लागलेले जाड दाणे प्रतिमेवरून नुसते घरंगळत जायचे. अक्षरं छान यायची, पण मोठा काळा ठसा आतून पोकळ, फक्त कडा गडद. कारण विद्युतक्षेत्र कडेला जोरदार असतं आणि मधे जवळजवळ नसतंच. मॅग्नेटिक ब्रशमध्ये ड्रमच्या अगदी जवळ धातूची नळी आली, तिने मधल्या भागातलं क्षेत्रही बाहेर ओढलं आणि पोकळी भरली. म्हणून काळ्या चौकोनाच्या कडा गडद आणि मधला भाग फिका दिसू लागला की मी टोनरचं प्रमाण आणि ब्रशचा थर आधी तपासतो.

(दोन पावडरींनी एकमेकींना उलट चार्ज देण्याची युक्ती त्याहून कितीतरी जुनी. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्गने 1777 साली चार्ज झालेल्या राळेच्या पृष्ठभागावर धूळ बसून उमटणाऱ्या आकृत्या पाहिल्या. पुढे त्यासाठी गंधक आणि शेंदूर मिसळून भुरभुरवायची पद्धत पडली: पिवळं एकीकडे जातं, लाल दुसरीकडे. टोनर हा शब्द यायला तेव्हा खूप अवकाश होता.)

आता त्रास. सगळ्यात मोठा त्रास ओल्या हवेचा. दमट हवेत टोनरचा चार्ज टिकत नाही. चार्ज कमी म्हणजे कॉपी फिकी, असं कुणालाही वाटेल; होतं उलटंच. एकेका कणावर चार्ज कमी असला की तेवढंच व्होल्टेज भागवायला जास्त कण लागतात, त्यामुळे कॉपी जरुरीपेक्षा काळी येते, सोबत बॅकग्राउंड आणि आतून सगळीकडे उडालेला टोनर. कोरड्या हवेत थोड्याच कणांत काम भागतं आणि कॉपी फिकी पडते.

त्यात टीसी सेन्सर, म्हणजे मिश्रणातल्या टोनरच्या प्रमाणावर लक्ष ठेवणारा सेन्सर, भर घालतो. हा सेन्सर टोनर मोजत नाही, मिश्रणातलं लोखंड मोजतो: लोखंड दाट जाणवलं म्हणजे टोनर कमी झाला, बाटली फिरव. पण दमट हवेत चार्ज उतरलेली पावडर दाबून बसते, तेवढ्याच जागेत लोखंड जास्त भरतं, सेन्सर फसतो आणि आधीच काळ्या येणाऱ्या मशीनमध्ये आणखी टोनर ओततो. पावसाळी हवेत सकाळच्या पहिल्या कॉपी सगळ्यात घाण येतात त्या यामुळे. रात्रभर पडून चार्ज गेलेला असतो. माझा उपाय साधा: सकाळी थोडा वेळ कोऱ्या पानांवर मशीन फिरू देतो, घुसळून चार्ज परत येतो. काही मशीनमध्ये ओल मारणारा छोटा हीटर असतो आणि तो मुख्य स्विच बंद असतानाही चालतो. तुमच्यात असेल तर रात्री भिंतीतला प्लग काढू नका.

दुसरा मुद्दा कामाच्या स्वरूपाचा, आणि याबद्दल मी कुठे फारसं वाचलेलं नाही. सलग कित्येक दिवस चार ओळींची पत्रं किंवा रिकामे फॉर्म काढत राहिलो की टोनर खपत नाही, तोच तोच टोनर युनिटमध्ये घुसळला जातो. कणांवर सिलिकाची अतिसूक्ष्म पूड लावलेली असते, तिच्यामुळे तो वाहता राहतो. ती हळूहळू कणात रुतते आणि टोनर चिकट होतो. कॉपीवर ते दाणेदार काळ्या भागांत दिसतं. उलट बाजूने, पानभर काळ्या पोस्टरांचं मोठं काम एकदम लावलं तर नवा टोनर इतक्या वेगाने येतो की त्याला चार्ज घ्यायला सवडच मिळत नाही. अर्धवट चार्जचा टोनर उडतो, काचेवर आणि चार्जिंगच्या भागांवर बसतो. काही मशीन हलक्या कामानंतर स्वतःहूनच दोन पानांच्या मधे टोनरची पट्टी काढून फेकतात. माझी ते करते की नाही हे न बघता मी लांबलचक हलक्या कामानंतर काही भरगच्च काळी पानं काढून टाकतो. टोनर वाया जातो असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

तिसरा त्रास पांढऱ्या ठिपक्यांचा. काळ्या भागात बारीक पांढरी वर्तुळं येऊ लागली आणि नीट पाहिलं तर प्रत्येकाच्या मधोमध एक काळा कण. नखाला खरखरीत लागतो. तो कॅरिअरचा दाणा. ड्रमवर पळालेला दाणा कागदाला तंबूसारखा उचलून धरतो, त्यामुळे भोवतीचा टोनर कागदावर उतरतच नाही. हे दिसलं की थांबायचं. कारण तेच दाणे पुढे क्लीनिंग ब्लेडखाली अडकतात आणि ड्रमवर गोल रेघा ओढतात. माझ्या बाबतीत डेव्हलपर संपल्याचीच ती खूण निघाली: दाण्यांवरचं कोटिंग झिजलेलं, वर टोनरचं प्लॅस्टिक थापलेलं, चार्ज देण्याची ताकद गेलेली.

डेव्हलपर बदलणं अवघड नाही, घाई चालत नाही इतकंच. जुनी पावडर पूर्ण काढायची, गिअर फिरवत नवी सगळ्या लांबीवर सारखी ओतायची. नव्या पाकिटात टोनर आधीच मिसळलेला असतो, वरून घालायचा नाही. मग सर्व्हिस मोडमधून डेव्हलपर सेटअप चालवायचा, म्हणजे सेन्सर नव्या पावडरीला शून्य मानून चालतो. हा सेटअप न करता मशीन सोडून दिली की सेन्सर जुन्याच हिशेबाने टोनर टाकत राहतो. सेटअप फक्त नवी पावडर घातल्यावरच करायचा, मधेच बॅकग्राउंड आलं म्हणून नव्हे.

कंपॅटिबल टोनर मी वापरतो, त्याला माझा विरोध नाही. अट एकच, युनिटमध्ये दोन प्रकार एकत्र नांदवायचे नाहीत. प्रत्येक टोनरची चार्ज घेण्याची रीत वेगळी. मिसळले की एक टोनर दुसऱ्यालाच उलट चार्ज देऊ शकतो आणि तो उलटा टोनर सरळ पांढऱ्या भागावर जाऊन बसतो. एका पुरवठादाराने मधेच बाटलीतला माल बदलला, लेबल तेच ठेवून. बॅकग्राउंड आलं तेव्हा कळलं. त्याच्याकडून घेणं बंद केलं. वेस्ट बाटलीतला, म्हणजे ड्रमवरून पुसून गोळा झालेला, टोनर पुन्हा वापरण्याचा सल्लाही मिळतो. त्यात कागदाची धूळ आणि उलट्या चार्जचे कण असतात, घरात घेऊ नये असा पाहुणा तो.

साफसफाईचं एका दमात सांगतो: सांडलेला टोनर साध्या व्हॅक्यूमने ओढू नका, बारीक कण फिल्टरमधून आरपार जातात. हात आणि कपडे गार पाण्याने, कारण गरम पाण्याने प्लॅस्टिक मऊ होऊन चिकटतं. डेव्हलपर सांडला तर कापडात गुंडाळलेला चुंबक फिरवा, बराचसा उचलला जातो.

कुणी घ्यावी? काम थोडं आणि कधीमधी असेल तर कार्ट्रिजवालीच बरी. तिच्यातल्या एकघटकी टोनरला कॅरिअर लागत नाही, काही प्रकारांत लोहयुक्त चुंबकीय पूड टोनरच्या कणातच असते, आणि पडून राहिली तरी फारसं बिघडत नाही. रोज सतत काम असेल तर ही दोन पावडरींवाली. सेकंडहँड बघायला गेलात तर एकूण कॉपींचा काउंटर दाखवतात त्यावर भागवू नका, डेव्हलपरचा काउंटर वेगळा मागा. मग तिथेच दोन पानं काढा, एक पूर्ण काळं आणि एक पूर्ण कोरं. काळ्यावर पांढरी वर्तुळं शोधा. कोऱ्याची कॉपी चालू असताना दार उघडून मशीन मधेच थांबवा, ड्रमवर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच लावून उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. शेजारी न वापरलेली पट्टी चिकटवून दोन्ही उजेडात धरा. पहिली जितकी राखाडी दिसेल तितकी किंमत खाली आणा. विकणारा पट्टी लावूच देत नसेल तर पुढची मशीन बघा.