मीडियाविकीचं डेव्हलपर डॉक्युमेंटेशन: आठ महिने रोज वापरल्यावर

मीडियाविकी म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर. त्याच्या डॉक्युमेंटेशनचा वापर कशासाठी होता ते आधी, म्हणजे पुढच्या तक्रारी कुणाला लागू पडतात ते कळेल. १.४३ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर दोन एक्स्टेंशन्स (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचे पूरक भाग), आणि मराठी विकिपीडियावर एपीआयमधून (प्रोग्रामने विकीशी बोलायची सोय) चालणारी लहान साधनं. ज्याला फक्त विकी उभा करून लेख लिहायचे आहेत त्याचं काम मदत पानांवर भागतं. पीएचपीला, म्हणजे मीडियाविकी ज्या भाषेत लिहिलंय तिला, हात लावायचा असेल तर पुढे वाचा.

माहिती कमी आहे अशी ओरड नेहमी ऐकू येते. ती खरी नाही. माहिती भरपूर आहे, पण चार ठिकाणी आहे आणि चारही ठिकाणांचं वय वेगळं आहे. मीडियाविकी डॉट ऑर्गवरची पानं माणसांनी लिहिलेली. डॉक डॉट विकिमीडिया डॉट ऑर्गवरची कोडमधल्या कॉमेंटमधून आपोआप तयार होणारी. कोडच्या रेपोत, म्हणजे साठवणीच्या जागी, ‘डॉक्स’ फोल्डर आणि ‘डेव्हलपर्स’ नावाची फाइल. आणि २०२२ मध्ये सुरू झालेलं डेव्हलपर पोर्टल. पोर्टल म्हणजे पाटी लावलेला चौक आहे. कुठे जायचं ते तिथे चांगलं कळतं, पण घर तिथे नाही. पहिल्या आठवड्यानंतर ते उघडायची गरज पडत नाही.

गोची होते ती माणसांनी लिहिलेल्या ‘मॅन्युअल’ पानांवर. मीडियाविकीची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी निघते, आणि विकिमीडियाच्या स्वतःच्या विकींवर तर नवा कोड दर आठवड्याला चढतो. पान मात्र लिहिणाऱ्याला वेळ मिळाला तेव्हाचं असतं. त्यामुळे एकाच पानावर वरचा परिच्छेद आजचा आणि खालचं उदाहरण दहा वर्षांपूर्वीचं, असा प्रकार सर्रास दिसतो. उदाहरणाचं वय ओळखायच्या काही खुणा आहेत. एक्स्टेंशन ‘रिक्वायर वन्स’ने जोडलेलं दिसलं की ते १.२५ च्या, म्हणजे २०१५ च्या आधीचं. तेव्हापासून एक्स्टेंशन डॉट जेसन आहे. डेटाबेससाठी ‘डब्ल्यूएफ गेट डीबी’ हे फंक्शन दिसलं तर ते १.३९ पासून निवृत्तीच्या यादीत आहे. पान सेव्ह झाल्यावर काही करायचं असेल आणि उदाहरणात ‘पेज कंटेंट सेव्ह कंप्लीट’ हा हुक (ठरावीक क्षणी आपला कोड चालवायची जागा) असेल, तर तो विसरा, १.३५ पासून ‘पेज सेव्ह कंप्लीट’ आहे आणि त्याचे आर्ग्युमेंट वेगळे आहेत, नुसतं नाव बदलून चालत नाही. ‘टायटल’ क्लास १.४० मध्ये ‘मीडियाविकी’ नेमस्पेसखाली (नावांच्या गटात) गेला, त्यामुळे जुन्या उदाहरणातली ‘यूज’ची ओळ तशीच उचलली की जुनं नाव काढून टाकलेल्या आवृत्तीवर ‘क्लास सापडत नाही’ येतं आणि माणूस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

यावर उपाय एकच लागू पडला. ‘मॅन्युअल’ पान कल्पना समजून घेण्यासाठी वाचायचं, सिग्नेचर, म्हणजे फंक्शनचं नेमकं नाव आणि आर्ग्युमेंट, मात्र कोडमधून आपोआप तयार होणाऱ्या पानावरून घ्यायची. तिथेही मास्टर, म्हणजे अजून न निघालेला चालू कोड, आणि आपल्या आवृत्तीची शाखा अशी दोन वेगळी पानं असतात. गुगल बहुतेक वेळा मास्टरवर नेऊन सोडतो. पत्त्यात ‘आरईएल १_४३’ आहे की नाही ते बघायची सवय लावून घ्यावी. त्यानंतर कोडसर्चवर, म्हणजे कोडमध्ये शोध घेणाऱ्या साइटवर, हुकचं नाव टाकायचं. शेकडो एक्स्टेंशन्समधला खरा, चालू वापर एका झटक्यात दिसतो. मुद्दाम लिहिलेल्या ट्युटोरियलपेक्षा हा धडा जास्त विश्वासार्ह, कारण तो कोड रोज चालतोय.

स्थानिक उभारणीचं पान मात्र सुधारलेलं आहे. डॉकरची (सॉफ्टवेअर वेगळ्या पेटीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वाट: रेपो क्लोन, सेटिंग्जची ‘एन्व्ह’ फाइल, डॉकर कंपोज अप, आत कंपोझर (लागणाऱ्या पीएचपी लायब्ररी आणणारं साधन) अपडेट, मग इन्स्टॉल स्क्रिप्ट, ८०८० पोर्टवर विकी हजर. लिनक्सवर ‘एन्व्ह’मध्ये आपला यूजर आयडी लिहिला नाही तर कंटेनरने बनवलेल्या फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढे प्रत्येक गोष्टीला परवानगी नाकारली जाते. डॉकर नको असेल तर एसक्यूलाइटवर (एका फाइलीतला डेटाबेस) कंपोझरच्या तीन आज्ञांमध्येही काम होतं. नवख्याला हमखास फसवणारी जागा वेगळीच: गिटमधून घेतलेल्या कोडमध्ये स्किन, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा भाग, नसते, ती झिप डाउनलोडमध्ये असते. व्हेक्टर ही स्किन वेगळी क्लोन करून लोकल सेटिंग्जमध्ये जोडली नाही तर पान उघडं-बोडकं दिसतं. एक्स्टेंशन घेतानाही तसंच. त्याच्या पानावरच्या चौकटीत ‘सुसंगततेचं धोरण’ अशी ओळ असते, तिथे ‘रिलीज शाखा’ लिहिलं असेल तर मास्टर उतरवू नका.

एपीआयचा भाग या सगळ्यात सर्वांत चांगला, कारण तो स्वतःची माहिती स्वतः देतो. विकीच्या एपीआय पत्त्यावर नुसतं गेलं तरी त्या विकीवर त्या क्षणी असलेले सगळे पॅरामीटर समोर येतात, आणि सँडबॉक्समध्ये विनंती हाताने चालवून बघता येते. तरीही टोकनपाशी, म्हणजे संपादनासोबत पाठवायच्या पडताळणीच्या मजकुरापाशी, लोक अडकतात. टोकनच्या शेवटी प्लस आणि बॅकस्लॅश असतो. विनंतीचा मजकूर हाताने जोडला आणि एन्कोड केला नाही, तर समोर पोचेपर्यंत त्या प्लसची मोकळी जागा होते आणि उत्तर येतं ‘बॅड टोकन’. टोकन बरोबर, लॉगिन बरोबर, तरी चूक तीच. प्लसच्या जागी ‘टक्के २बी’ पाठवा, किंवा एन्कोडिंगचं काम लायब्ररीवर सोपवा. दुसरी गोष्ट ‘असर्ट’ पॅरामीटरची. लॉगिन न केलेल्याचं टोकन म्हणजे फक्त ती दोन चिन्हं, आणि तेही संपादनाला चालतं. सत्र मध्येच तुटलं तर बॉट तक्रार न करता लॉगिनशिवाय संपादनं करत सुटतो. ‘असर्ट’ची किंमत ‘यूजर’ ठेवली की तिथेच थांबतो. हा पॅरामीटर पहिल्याच उदाहरणात असायला हवा, पण नमुना कोडमध्ये तो क्वचित भेटतो.

मराठीत काम करणाऱ्याने ल्युआचं, म्हणजे साच्यांमागची मॉड्यूल ज्या भाषेत लिहितात तिचं, संदर्भपान पूर्ण वाचावं. पान अवाढव्य आहे, एकाच लांबलचक पट्टीत, पण त्यातला ‘यूस्ट्रिंग’ हा विभाग आपल्यासाठी सोनं आहे. ‘विकिपीडिया’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, युनिकोडमध्ये दहा चिन्हांचा आणि बाइटमध्ये तीसचा. साधं ‘स्ट्रिंग’ तीस सांगतं, ‘यूस्ट्रिंग’ दहा. साच्यामागच्या मॉड्यूलमध्ये साध्या ‘स्ट्रिंग’ने शब्द कापला की अक्षर अर्धं तुटून चौकोन येतो. लेखाच्या नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे आपल्याला काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. इंग्रजीत विचार करून लिहिलेल्या पानाला हे सुचत नाही. तसंच मजकुराचा आकडा करणाऱ्या ‘टू-नंबर’ला देवनागरी १२ दिला तर तो ‘निल’, म्हणजे काहीच नाही, परत करतो. आधी भाषेच्या ऑब्जेक्टवरचं ‘पार्स फॉरमॅटेड नंबर’ चालवावं लागतं.

आता दुरुस्तीकडे, कारण पान विकीवर आहे म्हटल्यावर कुढत बसण्यात अर्थ नाही. ‘मॅन्युअल’मधली चूक खातं उघडून तिथल्या तिथे सुधारता येते, पण भाषांतराच्या खुणांना जपून. भाषांतरासाठी खुल्या पानाच्या मूळ मजकुरात प्रत्येक परिच्छेदापाशी कॉमेंटमध्ये ‘टी’ आणि आकडा असतो. तो पुसला तर यंत्रणेला तो परिच्छेद नवा वाटतो आणि त्याची सगळ्या भाषांतली भाषांतरं गळून पडतात. परिच्छेद हलवलात तर खूणही सोबत हलवा. एकाचे दोन केलेत तर खूण पहिल्याला राहू द्या आणि दुसरा तसाच सोडा. पुढचा आकडा यंत्रणा देते, तो हाताने कधीही लिहू नये. कोडचे नमुने भाषांतराच्या टॅगबाहेर ठेवा. ओळीतली छोटी नावं ‘टीव्हार’ या टॅगमध्ये घाला, म्हणजे भाषांतरकार चुकून फंक्शनचंही मराठी करणार नाही. आणि भाषांतर-प्रशासकाने पान पुन्हा चिन्हांकित करेपर्यंत भाषांतरित पानांवर बदल दिसला नाही तर घाबरू नका.

एपीआयच्या मदतीतला मजकूर मात्र विकीवर सापडणार नाही. तो कोडमधला संदेश आहे, त्यामुळे दुरुस्ती गेरिटमधून, म्हणजे कोडमधले बदल तपासायच्या साइटवरून, जाते. संदेश नवीन असेल तर ‘क्यूक्यूक्यू’ फाइलमध्येही नोंद करावी लागते, नाहीतर तपासणी तिथेच लाल होते. ही फाइल भाषांतरकारासाठी: संदेशातल्या डॉलर १ च्या जागी काय येणार, वाक्य बटणावर आहे की शीर्षकात. ‘सेव्ह’ हे बटण की क्रियापद, हे कळल्याशिवाय ट्रान्सलेटविकीवर, म्हणजे या संदेशांची भाषांतरं होतात त्या साइटवर, मराठी करणाऱ्याने ‘जतन करा’ लिहावं की ‘जतन’? तिथे दोन ओळी जास्त लिहिणं हे सगळ्यात स्वस्त डॉक्युमेंटेशन.

राहिलेली खंत एवढीच की लोक नवं पान लिहायला उत्सुक असतात आणि जुनं मोडायला कचरतात. एकाच विषयावर तीन पानं असताना चौथं लिहिण्यापेक्षा दोन पुनर्निर्देशित करून तिसऱ्यावर आवृत्तीचा साचा लावला तर वाचणाऱ्याचा तासभर वाचतो. ‘कालबाह्य’ हा साचा लावतानाही कारण लिहावं. नुसता पट्टा पाहून पानातलं नेमकं काय शिळं झालंय ते कळत नाही, मग पुढचा माणूस सगळंच पान सोडून देतो, त्यातला अजून चालणारा अर्धा भाग धरून.