तीन दिवसांचं दुकान आणि आमचा हॉट टब

हिवाळ्यात न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या चौकाचौकात पाट्या लागतात : हॉट टब (गरम पाण्यात चार-पाच जणांनी बसायचा मोठा टब) आणि स्विम स्पा (जागच्या जागी पोहण्याएवढा लांब टब), फक्त शुक्रवार ते रविवार, थेट कारखान्याच्या दरात. एखादं एक्स्पो सेंटर किंवा जत्रेचं मैदान तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलेलं असतं. आत वीस-पंचवीस टब, निळे दिवे, पाण्याचा खळखळाट आणि फुकट पॉपकॉर्न. यंदा मंडळाच्या संक्रांतीला तिघांनी मला अशाच एका सेलबद्दल विचारलं, तेव्हा प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेलं बरं. कंपनीचं नाव लिहिणार नाही. शेवटी जो समझोता झाला त्याच्या कागदावर तशी अट आहे. शिवाय नाव कळून उपयोगही नाही, त्यांनी ते नंतर बदललं.

टब हवा होता नवऱ्याच्या पाठीसाठी. पोकोनोजच्या डोंगरात एका मित्राच्या केबिनमध्ये बर्फ पडत असताना १०४ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात बसलो होतो, तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्या संगमेश्वराकडच्या, राजवाडीच्या गरम कुंडात लहानपणापासून बुडलेल्या. म्हणाल्या, "तिकडे देवळाशेजारी फुकट मिळतं ते तुम्ही अंगणात बंब मांडून विकत घ्या!" त्यांना टबाची किंमत आम्ही अजून खरी सांगितलेली नाही.

सेलमधला माणूस मुळीच घाई करणारा नव्हता. खुर्च्या दिल्या, कॉफी दिली, पाठीची चौकशी केली. टबावर १६,९९९ डॉलरचा आकडा खोडून खाली ८,४९९ लिहिलेलं. पाच माणसांचा टब, ५२ जेट्स (पाण्याचे झोत सोडणारी भोकं), तीन पंप मिळून १८ हॉर्सपॉवर, 'लाइफटाइम वॉरंटी'. आम्ही "विचार करून सांगतो" म्हटल्यावर तो मॅनेजरशी बोलून आला आणि कव्हर, पायऱ्या, वर्षभराची केमिकल्स फुकट घेऊन आला. मात्र हा दर रविवारी संध्याकाळी पाचपर्यंतच, त्यानंतर टब ट्रकवर चढणार.

त्या १८ हॉर्सपॉवरचा हिशेब घरी कागदावर करता येतो. अशा टबाला २४० व्होल्ट आणि बहुधा ५० अँपियरचा ब्रेकर लागतो. गुणाकार केला की १२,००० वॅट होतात, आणि सतत चालणाऱ्या भाराला त्यातले ८० टक्केच धरायचे असतात, म्हणजे ९,६०० वॅट. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. अठरा हॉर्सपॉवरला १३,४०० वॅटच्या वर लागतील, आणि त्यात साडेपाच हजार वॅटचा हीटर धरलेलाच नाही. असे पंप खरोखर त्या जोराने चालले तर ब्रेकर फार वेळ टिकणार नाही. पंप सुरू होतानाचा क्षणिक जोर मोजून हे आकडे फुगवतात. जेट्सचंही तसंच : भोकं मोजून काही कळत नाही, पंपातून पाणी किती येतं ते कळायला हवं.

हजार डॉलर आम्ही क्रेडिट कार्डावर भरले. उरलेले डिलिव्हरीआधी कॅशियर्स चेकने (बँकेने आपल्याकडून पैसे आधीच घेऊन स्वतःच्या नावाने काढलेल्या चेकने) द्यायचे, कारण तसे दिले तर आणखी सवलत. हातात एक पिवळी कार्बन कॉपी आली. तिच्यावर मॉडेलचं नाव होतं, सीरियल नंबरचा रकाना मात्र मोकळा. तळाशी ठळक अक्षरांत : सर्व विक्री अंतिम, डिपॉझिट परत मिळणार नाही.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती त्या हॉलमध्ये कोणीही सांगत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या सरकारी संस्थेचा 'कूलिंग-ऑफ' नावाचा नियम आहे. विक्रेत्याच्या कायमच्या दुकानात नव्हे, तर हॉटेलची खोली, कन्व्हेन्शन सेंटर, जत्रेचं मैदान अशा तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची खरेदी केली, तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते. कारण द्यावं लागत नाही. शनिवार कामकाजाचा दिवस धरतात. रविवार आणि फेडरल सुट्ट्या धरत नाहीत. म्हणजे शनिवारी सही केली तर बुधवारच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत. हा हक्क विक्रेत्याने तोंडी सांगायला हवा आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती हातात द्यायला हव्यात. रद्द केल्यावर दहा दिवसांत पैसे परत. 'सर्व विक्री अंतिम' असं छापल्याने हा हक्क जात नाही. आमच्या पिवळ्या कागदासोबत फॉर्म नव्हता, आणि 'अंतिम' हा शब्द वाचून आम्हीही पुढे काही विचारलं नाही. तो शब्द छापायचा तो त्याचसाठी.

उलट बाजूही लक्षात ठेवा : गावातल्या पक्क्या दुकानात जाऊन टब घेतला तर हा तीन दिवसांचा हक्क नाही. संपूर्णपणे ऑनलाइन किंवा फोनवर झालेल्या खरेदीलाही नाही.

पुढची थाप डेकची, म्हणजे घराला जोडलेल्या लाकडी चौथऱ्याची. "तुमच्या डेकवर आरामात बसेल," असं तो म्हणाला होता, आमच्या डेकचा फोटोसुद्धा न बघता. टाउनशिपमध्ये विजेचं पर्मिट काढायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला : ठेवणार कुठे? चारशे गॅलन पाणी म्हणजे ३,३०० पौंडांच्या वर. टबाचे स्वतःचे साडेसातशे, पाच माणसांचे आठशे. सात फूट बाय सात फूट जागेवर हे वजन विभागलं तर चौरस फुटाला जवळजवळ १०० पौंड येतात, आणि घरच्या डेकचा हिशेब साधारण ४० पौंडांचा असतो. म्हणून मागच्या अंगणात चार इंचांचा काँक्रीटचा ओटा घातला. मग ब्रेकर, केबल, आणि टबापासून निदान पाच फूट दूर पण तिथून नजरेला पडेल असा वीज तोडण्याचा डबा. 'प्लग लावा आणि बसा' या वाक्याला आम्हाला जवळजवळ चार हजार डॉलर पडले. ही फसवणूक मी मोजतही नाही, तो धंद्याचा रिवाजच दिसतो.

खरी फसवणूक ट्रकवरून उतरली. ड्रायव्हरने पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला टब ड्राइव्हवेवर आडवा ठेवला, 'माल सुस्थितीत मिळाला' यावर सही घेतली आणि गेला. प्लास्टिक फाडण्याआधीची सही. कव्हर नंतर येणार होतं.

इलेक्ट्रिशियनने खालचं दार उघडलं आणि टॉर्च मारून म्हणाला, "हा नवा आहे?" पंप आणि हीटर जिथे पाइपला जोडतात त्या आट्यांवर पांढरा क्षार चढला होता. फिल्टरच्या खोबणीत पाण्याच्या पातळीची फिकट रेघ होती. मी तिथूनच सेलवाल्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, कारखान्यात प्रत्येक टब पाणी भरून तपासतात, ती खूण आहे. या उत्तरात अर्धं खरं आहे, म्हणून ते पचतं. कारखान्यात टब खरंच पाणी भरून तपासतात आणि नव्या टबाच्या पाइपात थोडं पाणी सापडतंही. पण त्या तेवढ्या वेळात आट्यांवर क्षाराची पुटं चढत नाहीत. ती गरम पाणी महिनोन् महिने फिरल्याशिवाय येत नाहीत.

टब भरला. पट्टी बुडवून पीएच पाहिला, साडेसातच्या आसपास. क्लोरीन ३ पीपीएमच्या वर. सगळं पुस्तकाबरहुकूम. तरी दोन दिवसांत नवऱ्याच्या पाठीवर, पोहण्याच्या चड्डीखाली लाल पुरळ उठलं, आणि मुलीच्या पोटावरही. अर्जंट केअरमधल्या डॉक्टरने बघताक्षणी विचारलं, "हॉट टब आहे का?" सुडोमोनास नावाच्या जंतूमुळे केसांच्या मुळाशी होणारा हा संसर्ग इथे इतका ओळखीचा आहे की त्याला 'हॉट टब रॅश' असंच म्हणतात. बहुतेकांचा तो आपोआप बरा होतो, आमचाही झाला. पण नव्या टबात, नव्या पाण्यात, क्लोरीन बरोबर असताना हा जंतू आला कुठून? पाइपांच्या आतल्या बुळबुळीत थरातून. एकदा वापरलेला टब ओला ठेवून झाकून टाकला की पाइपात असा थर धरतो, आणि त्याच्या आत जंतूंपर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही. पाइप धुण्याचं औषध घालून पंप चालवला तेव्हा पाण्यावर करड्या-तपकिरी फेसाचे गोळे तरंगले. ते बघितल्यावर मुलगी महिनाभर टबाजवळ गेली नाही.

मग मी पाटीवरचा सीरियल नंबर घेऊन थेट बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. हे काम पैसे देण्याआधी पाच मिनिटांत होतं. तिथल्या बाईंनी नंबर टाकला आणि सांगितलं की हा टब तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राज्यात, दुसऱ्या ग्राहकाच्या नावाने नोंदला गेला आहे. वॉरंटी पहिल्या ग्राहकाची, दुसऱ्याकडे जात नाही. जी 'लाइफटाइम' होती ती म्हणे फक्त बाहेरच्या खोक्याच्या सांगाड्याची; पंप, हीटर, कंट्रोल पॅनेल यांची मुदत तेव्हाच संपलेली. कुणीतरी परत केलेला किंवा हप्ते थकले म्हणून उचलून आणलेला टब घासूनपुसून आमच्या गळ्यात मारला होता. हॉलमध्ये आम्ही ज्याच्या पाण्यात हात घातला तो हा नव्हेच. सीरियल नंबरचा रकाना मोकळा का होता, ते तेव्हा उमगलं.

सेलवाल्याचा फोन त्यानंतर लागेना. कागदावरचा पत्ता टपालपेट्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा निघाला. एक्स्पो सेंटरवाले म्हणाले, आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो.

पैसे परत कसे आले ते सांगते. क्रेडिट कार्डाचे हजार सगळ्यांत सहज परत आले. बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार केली. सोबत क्षाराचे फोटो, सीरियल नंबरबद्दल कंपनीची ईमेल आणि पिवळी पावती. बँकेने बाजू आमची धरली. कॅशियर्स चेकबद्दल मात्र बँक काहीही करू शकत नाही, तो वटला की रोख दिल्यासारखंच. 'कॅश डिस्काउंट' नेमका कोणाच्या फायद्याचा ते ध्यानात आलं असेल. झेल (Zelle, फोनवरून थेट खात्यात पैसे पाठवायची सोय) किंवा वायर ट्रान्सफरने दिलेल्या पैशांचीही गत जवळपास तीच.

उरलेल्यासाठी राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे तक्रार टाकली. तिथून उत्तर यायला वेळ लागतो, पण तक्रारीची नोंद कागदावर राहते. मग एका वकिलाला गाठलं. न्यू जर्सीचा ग्राहक फसवणूकविरोधी कायदा कडक आहे : फसवणुकीने झालेलं नुकसान सिद्ध झालं तर तिप्पट भरपाई आणि वकिलाची फी विक्रेत्याच्या डोक्यावर. रक्कम २०,००० डॉलरच्या आत असेल तर स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये, म्हणजे कोर्टाच्या लहान रकमांच्या विभागात, दावा लावता येतो, मोठ्या कोर्टाचा खर्च नाही. वकिलाचं एक पत्र गेलं, त्यात 'तिप्पट' हा शब्द होता, आणि इतके दिवस न लागणारा फोन तिकडून आपणहून वाजला. आम्हाला सगळे पैसे मिळाले नाहीत. अर्ध्याहून थोडे जास्त मिळाले, टब आमच्याकडेच राहिला आणि तोंड बंद ठेवण्याच्या कागदावर सही झाली. वकील म्हणाला, लढलात तर जिंकाल, पण वसूल कुणाकडून करणार? त्याचं म्हणणं मला आवडलं नाही, पण खोडताही आलं नाही.

टब आता चालतो. हीटर बदलला. कव्हर वेगळं विकत घेतलं, कारण फुकटचं आलंच नाही, आणि कव्हराशिवाय जानेवारीत हा टब वीज पितो. पाणी तीन-चार महिन्यांनी पूर्ण बदलते, त्याआधी प्रत्येक वेळी पाइप धुण्याचं औषध. फिल्टर आठवड्याला नळीखाली. कडक थंडीत वीज बराच वेळ गेली तर पाइप गोठून फुटतात, म्हणून वादळाचा अंदाज असला की नवरा हवामान बघत बसतो. पाठीला आराम पडतो म्हणतो. पडत असेल.

मंडळातल्या त्या तिघांपैकी एक जोडपं मागच्या शनिवारी सेलला जाऊन आलं. त्यांनी तिथे दोनच गोष्टी मागितल्या : ज्या टबावर हात ठेवला त्याचा सीरियल नंबर पावतीवर, आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती. नंबर गोदामात आहे, फॉर्म ऑफिसमधून ईमेल करू, असं उत्तर मिळालं. ते तिथून निघाले आणि गावातल्या जुन्या दुकानातून हजारभर डॉलर जास्त देऊन टब घेतला. बसवल्यावर पंप आवाज करायला लागला, तर दुकानाचा माणूस येऊन बदलून गेला. त्यांच्यातलं आणखी एक कुटुंब अजून पाचपर्यंतच्या दराचा विचार करतंय.