बोर्ड सुटे कशाने करायचे: व्ही-कट, राउटर की यूव्ही लेझर?

मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत छोटं असेंब्ली युनिट चालवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. एका पॅनेलवर, म्हणजे मोठ्या पत्र्यासारख्या तुकड्यावर, दहा-वीस सर्किट बोर्ड जोडून येतात. पार्ट बसले, सोल्डर झालं, आता ते सुटे करायचे. लेझरवाल्यांचे व्हिडिओ बघून जीव तिकडे ओढ घेतो. पण जरा थांबा.

सगळ्यात स्वस्त व्ही-कट. बोर्ड बनतानाच दोन्ही अंगांनी खाच मारून येते, १.६ मिमी जाडीत मध्ये साधारण तिसरा हिस्सा उरतो. हाताने मोडा, नाहीतर गोल पात्याखालून सरकवा. फक्त सरळ रेषेत चालतं. खरी गोम वेगळी आहे: मोडताना बोर्ड वाकतो आणि कडेजवळचा सिरॅमिक कपॅसिटर आतून तडकतो. बाहेरून काही दिसत नाही. आम्ही एकदा होड्यांच्या दिव्यांचे ड्रायव्हर असेच हाताने मोडले होते. टेबलावर सगळे पास. पाऊस लागला तसे एकेक परत यायला लागले. दमट हवेचा ओलावा तड्यात शिरला की कपॅसिटर शॉर्ट होतो. तेव्हापासून पात्याचं मशीन, आणि कपॅसिटर कडेपासून लांब व कडेला समांतर.

राउटर म्हणजे फिरतं बिट. कसाही आकार कापतो, बोर्ड फारसा वाकत नाही. त्रास दोन: बिटाच्या जाडीएवढी, म्हणजे एक-दोन मिमी जागा दर दोन बोर्डांमध्ये वाया जाते, आणि काचतंतूंची धूळ उडते. व्हॅक्यूमशिवाय चालवूच नका. ती धूळ छातीत जाते.

आता लेझर. इथे ‘लेझर’ हा एकच शब्द फसवतो. गावात नेमप्लेट आणि ॲक्रिलिक कापणारं सीओटू मशीन असतं, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. तांबं तो किरण परतवून लावतं आणि एफआर-४ ची, म्हणजे बोर्डाच्या काचतंतू-राळेच्या पत्र्याची, कड काळी पडते. त्यावर बोर्ड कापायचा मोह नको. या कामाला लागतो ३५५ नॅनोमीटरचा यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा लेझर. काप वीस-तीस मायक्रॉनचा, केसाहून बारीक. बोर्डाला धक्का नाही, वाकणं नाही, म्हणून पार्ट अगदी कडेपर्यंत बसवता येतात. पॉलिइमाइड या प्लास्टिकचा पातळ, वाकणारा फ्लेक्स सर्किट तर त्यानेच कापावा; पातं तिथे कड कुरतडतं. मात्र १.६ मिमीच्या एफआर-४ वर त्याच रेषेवरून पुन्हापुन्हा किरण फिरवावा लागतो. तिथे राउटर कितीतरी पुढे निघून जातो.

किनाऱ्यावरची आणखी एक अडचण विक्रेता सांगत नाही. जुलैत हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं तो आकडा, २६ च्या आसपास येतो. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी २२ वर ठेवलंत तर लेझरच्या डोक्यावर आणि काचांवर दव धरतं, काच खराब. खोली बंद, एसी चोवीस तास, धूर ओढणारं फिल्टर, वर लाईट गेली तर यूपीएस. मशीनच्या किमतीत हे सगळं धरा.

माझं मत सरळ आहे. इन्व्हर्टर कार्ड, दिव्यांचे ड्रायव्हर, पंपाचे कंट्रोलर करत असाल तर राउटर घ्या. फ्लेक्स किंवा नखाएवढे सेन्सर बोर्ड अधूनमधून येत असतील तर पुण्याला किंवा नवी मुंबईला जॉबवर्क द्या. लेझर दारात आणायचा तो असं काम रोजचं झाल्यावरच.

तेव्हाही ॲडव्हान्स देण्याआधी स्वतःचाच बोर्ड कापून मागवा आणि कड भिंगाखाली बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. बोटाला काजळी लागली तर तो कार्बन आहे. खाऱ्या दमट हवेत त्याच्यावरून करंट गळतो. किरण भरभर आणि जास्त वेळा फिरवून, धूर नीट ओढून दुसरा नमुना मागा.