फुले योजनेवर किडनी-बीपीचे उपचार : पुण्यातला काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

महात्मा फुले जन आरोग्य योजना डायलिसिस आणि फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता हातातली शीर आणि धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया) भक्कम आहे. दर महिन्याच्या बीपी-क्रिएटिनिनसाठी (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तिचा उपयोग नाही. हे आधी लक्षात घेतलं नाही, तर दवाखाना शोधताना हेलपाटे ठरलेले.

कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे, पण ते पॅकेजवर चालतं. ठरावीक उपचार, त्याला पूर्वमंजुरी, मग रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. ओपीडीचा केसपेपर, बीपीची टेल्मिसार्टनची गोळी, लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी यांत येत नाही. म्हणून नियमित तपासणीसाठी ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम यांची ओपीडी धरावी, गोळ्या तिथे संपल्या असतील तर जनऔषधी केंद्र गाठावं आणि योजना डायलिसिससाठी वापरावी.

फोनवर ‘फुले योजना आहे का?’ एवढंच विचारलं की ‘आहे’ एवढंच उत्तर मिळतं. संलग्नता विभागवार असते. हृदयासाठी योजना लागू असलेल्या रुग्णालयात किडनीसाठी नसू शकते. नेमकं विचारा : नेफ्रॉलॉजी (किडनीविभाग) योजनेत आहे का? डायलिसिसची कुठली शिफ्ट रिकामी आहे? हिपॅटायटिस बी असेल तर वेगळं मशीन आहे का? हा शेवटचा प्रश्न राहून जातो आणि नकार नेमका तिथेच येतो. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन पॅकेजमध्ये धरलंय की बाहेरून आणायचं, हेही आधीच स्पष्ट करून घ्या.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. किंवा आजीचं नाव गावाकडच्या कार्डावर. आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) इथे काही करू शकत नाही, दुरुस्ती पुरवठा विभागाच्या परिमंडळ कार्यालयातूनच होते आणि तिला वेळ लागतो. डॉक्टरांनी फिस्टुलाचा विषय काढला, त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या. फिस्टुला पिकायलाही (डायलिसिसची सुई टोचण्याजोगा व्हायलाही) काही आठवडे जातात. तो ज्या हातावर असेल त्या हाताचं बीपी घेऊ देऊ नका, रक्तही काढू देऊ नका. गर्दीत नर्सच्या लक्षात राहतंच असं नाही, तुम्हीच सांगा.

सरकारी ओपीडीची खरी उणीव पुढच्या तारखेत आहे. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक ते दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहावं लागतं. तारीख महिन्यानंतरची मिळाली, तर ही तपासणी हुकते. चिठ्ठी त्याच दिवशी लिहून घ्या. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. पोटॅशियम वाढलेलं आलं तर मात्र तारखेची वाट पाहू नका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने घेणं पूर्ण बंद. अशा गोळ्यांनी किडनीचं नुकसान होऊ शकतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

रांगेत ताटकळल्यावर बीपी चढलेलं येतं. त्यामुळे घरची वही सोबत हवी : पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, सकाळी गोळीआधी आणि रात्री, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, सलग ७ दिवस. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, आखूड पट्टा आकडा वाढवून दाखवतो.

मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितले, तर आरोग्यमित्राला तिथल्या तिथे सांगा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा. पैसे भरावेच लागले, तर पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.